नव्या फोनची तपासणी

पूर्वी घरात शिलाई मशीन, रेडिओ किंवा टीव्ही आला की त्यावर हळदकुंकू वाहून, शेजारीपाजारी पेढे वाटून त्याचे स्वागत होत असे. आता तो मान मोबाईलला मिळाला आहे. दसरा-पाडव्याच्या मुहूर्तावर मोबाईलच्या दुकानापुढे सराफकट्ट्याइतकीच गर्दी दिसते. खोक्यावर काय छापले आहे ते घरातील लहानथोर मोठ्या उत्सुकतेने वाचतात. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, पडदा किती इंचाचा, बॅटरी किती वेळ चालणार, आवाज किती दमदार! परंतु "या वस्तूचा माझ्या घरच्या माणसांच्या डोळ्यांवर, मानेवर, कानांवर आणि झोपेवर काय परिणाम होईल?" हा प्रश्न दुकानात कोणीच विचारीत नाही. तो प्रश्न सहा महिन्यांनी दवाखान्यात विचारला जातो.

गेल्या पंधरवड्यात आमच्याही घरी असा एक सर्वगुणसंपन्न फोन आला. नवा फोन आला की जाणकार मंडळी त्याची 'पहिली ओळख' लिहितात. त्यांत वेगाची, चित्रांची आणि किमतीची चर्चा असते. आम्ही ठरविले की, रोग्याला जसे तपासतो तसे या पाहुण्याला तपासून पाहावे आणि आपले मत वाचकांपुढे ठेवावे. मत थोडक्यात आधीच सांगून टाकतो. फोन उत्तम आहे. मात्र खोक्यावर 'आरोग्य' म्हणून ज्या गोष्टींची जाहिरात केलेली असते त्या बहुधा कमी उपयोगाच्या असतात, आणि ज्या साध्या गोष्टी खरोखर जीव वाचवू शकतात त्यांच्याकडे कोणाचे लक्षच जात नाही.

हातात घेतल्यावर

भारतात मोबाईलवरून पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. त्या काळचा फोन केवळ बोलण्यासाठी होता. २००० साली आलेला नोकियाचा ३३१० हा फोन अनेकांच्या आठवणीत असेल. त्याचे वजन १३३ ग्रॅम होते. २००३ साली आलेला ११०० तर अवघा ८६ ग्रॅमचा. आमचा नवा फोन कव्हरासकट काट्यावर ठेवला तेव्हा २४० ग्रॅमच्या आसपास भरला. पाव किलो साखरेची पुडी हातात धरून रोज तीन-चार तास अंगठा नाचवा असे कोणी सांगितले तर आपण त्याला वेड्यात काढू. फोनच्या बाबतीत मात्र आपण ते आनंदाने करतो.

मोठ्या पडद्याचा फोन एका हाताने वापरताना अंगठा दूरवर ताणावा लागतो आणि सगळा भार करंगळीवर येतो. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दुखू लागते. अंगठा मुठीत दाबून मनगट करंगळीकडे वाकविल्यावर तेथे कळ आली तर समजावे की तेथील स्नायुबंधांच्या आवरणाला सूज आहे. पूर्वी हे दुखणे प्रामुख्याने तान्ह्या बाळाला सतत उचलून घेणाऱ्या आयांमध्ये दिसे. आता ते कॉलेजच्या मुलांतही दिसते. यावर औषधापेक्षा सवय महत्त्वाची आहे. फोन दोन्ही हातांनी धरावा, लांब मजकूर लिहिण्याऐवजी बोलून निरोप पाठवावा आणि चित्रपट पाहायचा असेल तर फोन तांब्याला टेकवून ठेवावा. एवढे केले तरी बरेच काम होते.

मान आणि डोळे

मानेबद्दल एक आकडा सर्वत्र सांगितला जातो. डोक्याचे वजन साधारण पाच किलो. २०१४ साली एका अमेरिकन मणकेतज्ज्ञाने हिशेब मांडला की, मान ६० अंशांनी खाली झुकविली तर मानेच्या मणक्यांवर जवळपास २७ किलोंचा भार येतो. हा आकडा गणिताने काढलेला आहे, कोणाच्या मानेवर प्रत्यक्ष मोजलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. शेतात वाकून खुरपणी करणाऱ्या बायकांची मानही दुखते. परंतु त्या अधूनमधून उठतात, कमरेवर हात ठेवून ताठ होतात. फोन पाहणारा माणूस तासभर हलत नाही. खरा अपाय आहे तो या न हलण्यात. फोन छातीच्या उंचीवर आणावा आणि दर वीस मिनिटांनी उठून दोन पावले चालावे.

डोळ्यांचे म्हणाल तर एरव्ही आपण मिनिटाला १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे टक लावून पाहताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. पापणी मिटली नाही की अश्रूंचा थर वाळतो, डोळे चुरचुरतात, लाल होतात. यासाठी वीस-वीस-वीसचा नियम लक्षात ठेवावा. दर वीस मिनिटांनी, वीस फूट दूरच्या वस्तूकडे, वीस सेकंद पाहावे. अंगणातले झाड, समोरच्या घराचे कौल, काहीही चालेल.

नव्या फोनमध्ये 'डोळ्यांना आराम' देणारी पिवळसर प्रकाशाची सोय होती. तिच्या जोडीला निळा प्रकाश अडविणारे चष्मेही बाजारात खपतात. या चष्म्यांवरील अभ्यासांचा मोठा आढावा २०२३ साली प्रसिद्ध झाला. साध्या काचांच्या तुलनेत डोळ्यांचा थकवा त्यांनी कमी होतो असे त्यात दिसून आले नाही. तेव्हा त्यासाठी जादा पैसे मोजण्याची गरज नाही.

मोठ्या पडद्याचा एक फायदा मात्र मोकळ्या मनाने मान्य केला पाहिजे. अक्षरे हवी तेवढी मोठी करता येतात. चाळिशी उलटलेले अनेक गृहस्थ फोन हात लांब करून वाचतात आणि "या फोनने डोळे बिघडविले" असे म्हणतात. वास्तविक तो वयाचा परिणाम आहे. जवळचा चष्मा घ्यावा आणि फोनमधील अक्षरे मोठी करावीत. यात कसला आला आहे कमीपणा?

कानांचे काय?

आमच्या फोनचा आवाज खरोखर सुरेख आहे. अभंग लावला तर टाळ वेगळा आणि मृदंग वेगळा ऐकू येतो. पण आवाज सुरेख असला की तो वाढविण्याचा मोह होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार मोठ्या माणसांनी ८० डेसिबल आवाज आठवड्यात जास्तीत जास्त ४० तास ऐकावा. त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १० तास, आणि ८९ ला अवघे ५ तास. एसटीच्या खडखडाटात गाणे नीट ऐकू यावे म्हणून आपण आवाज वाढवितो आणि आठवड्याचा हा कोटा दोन-तीन दिवसांच्या प्रवासात संपवून टाकतो.

आतल्या कानातील नाजूक केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. हे नुकसान दुखत नाही, म्हणून कळत नाही. कळते तेव्हा कानात सतत शिट्टी वाजू लागलेली असते. आवाजाची पट्टी साठ टक्क्यांच्या वर नेऊ नये आणि कानात बोंडे घालून झोपू नये, हे तरुण वाचकांनी मनावर घ्यावे.

खोक्यावरचे 'आरोग्य'

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. पावले मोजणे, नाडी मोजणे, झोप मोजणे, ऑक्सिजन मोजणे, मनाचा ताण मोजणे! खोक्यावरची आणि ॲपच्या जाहिरातींतील यादी वाचली की वाटते, आता दवाखान्याला कुलूप लावावे.

पावले मोजण्याची सोय चांगली आहे. लोकांना चालायला लावणारी कोणतीही वस्तू आम्हाला प्रियच आहे. पण दहा हजार पावलांचा जो आकडा सगळीकडे सांगितला जातो, तो कोणा वैद्याने सांगितलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र विक्रीस आले. त्याचे नावच 'दहा हजार पावलांचे मापक' अशा अर्थाचे होते. तेथून हा आकडा जगभर पसरला. अलीकडच्या मोठ्या अभ्यासांत रोज सात हजारांच्या आसपास पावले चालणाऱ्यांनाही भरपूर लाभ झालेला दिसतो. बैठे काम करणाऱ्याने दोन हजारांवरून चार हजारांवर जाणे हेही मोठेच पुण्य आहे.

यात एक गंमतही आहे. घरातील पुरुष खिशात फोन घालून कट्ट्यावर जातो आणि संध्याकाळी आठ हजार पावले दाखवितो. घरातील बाई पहाटेपासून झाडलोट, पाणी, गोठा, स्वयंपाक, शेत असे करीत दुप्पट चालते; पण तिचा फोन फडताळात असतो. फोनच्या हिशेबी ती दिवसभर बसून आहे! यंत्र फक्त आपल्याजवळ असलेलेच मोजते, हे यावरून ध्यानात यावे.

नाडी मोजण्याचे तत्त्व सोपे आहे. बोट कॅमेऱ्यावर ठेवले की फोनचा दिवा बोटातील रक्तावर प्रकाश टाकतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला बोटात रक्त किंचित वाढते, प्रकाश किंचित कमीजास्त होतो आणि त्यावरून ठोके मोजले जातात. स्वस्थ बसून मोजले तर हा आकडा बहुधा बरोबर येतो.

ऑक्सिजनची गोष्ट निराळी आहे. रक्तातील ऑक्सिजन बोटावरून मोजण्याची युक्ती जपानी संशोधक ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास शोधली. तिच्यात एक तांबडा आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, असे दोन वेगवेगळे प्रकाश लागतात. ऑक्सिजन असलेले आणि नसलेले रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषते, आणि त्या दोहोंच्या गुणोत्तरातून टक्केवारी निघते. २०१४ साली सॅमसंगने नोट ४ या फोनच्या पाठीवर यासाठी खास सेन्सर बसविला होता. नंतरच्या फोनमधून ही सोय काढून टाकण्यात आली. सर्वसाधारण फोनमध्ये असा सेन्सर नसतो. त्याचा दिवा पांढरा असतो आणि कॅमेऱ्यात अवरक्त प्रकाश अडविणारी काच बसविलेली असते. तेव्हा फुकट मिळणारे ॲप घेऊन, कॅमेऱ्यावर बोट ठेवून जो ऑक्सिजन दिसतो तो अंदाजपंचे असतो. २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत अनेकांनी अशा आकड्यांवर भरवसा ठेवला. ज्याला खरोखर गरज आहे त्याने बोटाला लावण्याचे चांगल्या प्रतीचे यंत्र वेगळे घ्यावे.

रक्तदाबाचेही तेच. नुसते बोट ठेवून रक्तदाब सांगणाऱ्या ॲपवर विसंबून कोणीही गोळी कमीजास्त करू नये. दंडाला पट्टा बांधून, पाच मिनिटे शांत बसून मोजलेला रक्तदाबच खरा मानावा.

एक आकडा आणि एक रात्र

हे सारे इतके विस्ताराने सांगण्याचे कारण आहे. काही महिन्यांपूर्वी जवळच्या एका गावातून पंचावन्न वर्षांचे एक गृहस्थ सकाळी दवाखान्यात आले. आदल्या रात्री नऊच्या सुमारास त्यांच्या छातीत जडपणा आला, घाम सुटला, डावा हात भरून आला. घरात दिवाळीला घेतलेला नवा फोन होता. मुलाने मोठ्या काळजीने वडिलांचे बोट फोनवर ठेवले. नाडी ८२, ऑक्सिजन ९८! "सगळे नॉर्मल आहे, पित्त झाले असेल," असे ठरले. थंड दूध झाले, ओवा झाला, सोडा झाला. दोन तासांनी पुन्हा बोट ठेवले, आकडे पुन्हा चांगलेच आले. अशी सारी रात्र गेली. सकाळी आम्ही हृदयालेख काढला तेव्हा हृदयाचा मोठा झटका येऊन गेलेला होता. ताबडतोब जिल्ह्याच्या गावी पाठविले. प्राण वाचले, परंतु हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग कायमचा निकामी झाला. कालपर्यंत उसाला पाणी देणारा हा माणूस आज जिना चढताना दोनदा थांबतो.

यात मुलाची चूक काढण्याचे कारण नाही. त्याने बापासाठी जे सुचले ते केले. मोजलेली नाडीही कदाचित बरोबरच असेल. पण हृदयविकाराच्या झटक्यात नाडी आणि ऑक्सिजन कित्येकदा अगदी सर्वसाधारण असतात. बिघाड असतो हृदयाला रक्त पुरविणाऱ्या नळीत. तो हृदयालेखात आणि रक्ताच्या तपासणीत कळतो, बोटाच्या टोकाला कळत नाही. नळी बंद झाल्यापासून प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. गाठ विरघळविणारे इंजेक्शन असो वा अँजिओप्लास्टी, पहिल्या काही तासांत जो लाभ मिळतो तो नंतर मिळत नाही.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे आहे की, लक्षण आणि आकडा यांत भांडण असेल तर लक्षणाचे ऐकावे. छातीत दाब, घाम, जबड्यात किंवा हातात कळ, अचानक दम लागणे, तोंड वाकडे होणे, हातपाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही झाले तर फोनवर बोट ठेवू नये. त्याच फोनवरून १०८ फिरवावा. मधुमेह असलेल्यांना तर झटका येऊनही छातीत फारसे दुखत नाही, त्यामुळे त्यांनी अधिकच सावध राहावे. ॲप विकणाऱ्यांनीही 'हे वैद्यकीय उपकरण नाही' ही ओळ कोपऱ्यात बारीक अक्षरांत न लिहिता आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत, आणि तीही मराठीत दाखविली पाहिजे. ग्राहक म्हणून आपण ही मागणी करण्यात काही गैर नाही.

किरणांची भीती

या उलट ज्या गोष्टीची लोकांना सर्वात जास्त भीती वाटते तिची तेवढी धास्ती घेण्याचे कारण नाही. "डॉक्टर, फोनने कॅन्सर होतो का?" हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो. मोबाईलच्या लहरी क्ष-किरणांसारख्या नसतात, त्यांच्यात पेशीतील गुणसूत्रे तोडण्याइतकी शक्ती नसते. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' अशा गटात टाकले, त्यावरून बराच गवगवा झाला. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. पुढे २०२४ साली याच संघटनेने करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाईलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून फोनच्या लहरींसाठी १.६ वॅट प्रति किलो अशी मर्यादा आहे. आपल्या फोनचा आकडा पाहायचा असेल तर *#०७# हे बटण दाबून पाहावे. रेंज कमी असेल तेथे फोन अधिक जोर लावतो, तेव्हा अशा ठिकाणी लांबलचक गप्पा टाळाव्यात किंवा इअरफोन वापरावा. एवढी काळजी पुरेशी आहे.

भीती बाळगायचीच असेल तर दोन गोष्टींची बाळगावी. पहिली बॅटरीची. २०१६ साली बॅटरी पेट घेत असल्यामुळे सॅमसंगला नोट ७ हा फोन जगभरातून परत मागवावा लागला होता. फोन उशीखाली, गोधडीत किंवा तान्ह्या मुलाजवळ चार्जिंगला लावू नये. दुसरी गोष्ट चुंबकाची. तारेशिवाय चार्ज होणाऱ्या काही नव्या फोनमध्ये आणि अनेक कव्हरांमध्ये चुंबक असतात. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसविला आहे त्यांनी फोन त्यापासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावा. आपल्याकडे सदऱ्याचा खिसा नेमका डाव्या छातीवर असतो आणि पेसमेकरही बहुधा तिकडेच. अशा रुग्णांनी फोन पँटच्या खिशात किंवा पिशवीत ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

झोप आणि मुले

नवा फोन पहिल्या रात्री कोठे झोपतो यावर त्या घराचे पुढील आरोग्य अवलंबून असते असे आम्हाला वाटते. तो उशाशी झोपला की घरातील माणसे जागी राहिलीच म्हणून समजा. झोप येते ती मेंदूतील मेलॅटोनिन या स्रावामुळे, आणि रात्रीचा प्रकाश तो स्राव रोखतो. पण प्रकाशाहूनही मोठा शत्रू म्हणजे 'आणखी एकच' हा मोह. एक चित्रफीत संपण्याआधी दुसरी तयार असते. पडदा पिवळा केल्याने हा मोह पिवळा होत नाही! झोपण्यापूर्वी तासभर फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, आणि गजरासाठी साधे घड्याळ आणावे. रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी तर अपुरी झोप हे एक पथ्य मोडणेच समजावे.

मुलांच्या बाबतीत भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०२१ साली स्पष्ट सूचना दिल्या आहेत. दोन वर्षांखालील बाळाला पडदा दाखवू नये, दूरच्या आजी-आजोबांशी अधूनमधून चित्रफोनवर बोलण्यापुरता अपवाद. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या सोबतीने. आपल्याकडे मात्र फोन हे घास भरविण्याचे साधन झाले आहे. फोन पाहत जेवणाऱ्या मुलाला पोट भरल्याचे कळत नाही आणि ताटात काय होते तेही कळत नाही. चिऊकाऊचा घास भरविताना आजी बोलत असे, मूल तिच्या तोंडाकडे पाहत असे आणि बोलायला शिकत असे. फोन कितीही बोलला तरी मुलाच्या बोबड्या बोलाला उत्तर देत नाही.

लहान वयात लागणाऱ्या चष्म्यावर एक उत्तम औषध आहे आणि ते फुकट आहे, ते म्हणजे उघड्यावरचे खेळणे. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या काही मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जादा मैदानावर पाठविले गेले. तीन वर्षांनी पाहिले तेव्हा इतर मुलांत ३९.५ टक्के मुलांना दूरचे कमी दिसू लागले होते. मैदानावर जाणाऱ्यांत हे प्रमाण ३०.४ टक्के होते. २०१५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

आणि घराने ठरविले तर काय होऊ शकते याचे उदाहरण दूर शोधायला नको. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये एक प्रथा सुरू केली. संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजायचा आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही व मोबाईल बंद. मुले अभ्यासाला बसायची, मोठी माणसे एकमेकांशी बोलायची. भोंगा प्रत्येक गावात नसेल, पण देवापुढे दिवा लावण्याची वेळ तर प्रत्येक घरात आहे. तीच वेळ पाळली तरी पुरे.

जे खरोखर उपयोगी आहे

एवढे वाचून कोणी म्हणेल, डॉक्टर फोनच्या विरुद्ध आहेत. मुळीच नाही. या फोनमध्ये आम्हाला मनापासून आवडलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत, मात्र त्या जाहिरातीत नाहीत.

पहिला कॅमेरा. मुलाला झटके येतात, पण दवाखान्यात येईपर्यंत ते थांबलेले असतात आणि आईला नीट वर्णन करता येत नाही. मुलाला कुशीवर वळवून सुरक्षित ठेवल्यावर दुसऱ्या कोणी अर्ध्या मिनिटाची चित्रफीत घेतली तर निदानाला जी मदत होते ती कधीकधी महागड्या तपासणीनेही होत नाही. बाळाची धाप, झोपेतले घोरणे, येऊन जाणारे पुरळ या सर्वांना हेच लागू. गोळ्यांच्या पाकिटांचे आणि जुन्या चिठ्ठ्यांचे फोटो फोनमध्ये असले तर "ती पांढरी गोळी" एवढ्यावर आम्हाला भागवावे लागत नाही. मात्र साप चावला असता सापाचा फोटो काढण्यासाठी त्याच्यामागे धावू नये. तो वेळ दवाखान्याच्या वाटेवर खर्च करावा.

दुसरा दिवा. रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवा म्हणजे जीवरक्षक. फोनचा दिवा नसण्यापेक्षा बराच, पण तो एक हात अडकवून ठेवतो आणि नेमकी बॅटरी संपते तेव्हा मदतीला फोन करण्याचीही सोय उरत नाही. शेतात जाताना वेगळी बॅटरी आणि पायांत गमबूट असावेत, फोन मदतीसाठी राखून ठेवावा.

तिसरी संकटकाळची सोय. १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये संकटसमयी हाक मारण्याचे बटण असणे सक्तीचे केले गेले. त्याशिवाय फोन कुलूपबंद असतानाही रक्तगट, आजार, चालू औषधे आणि घरच्यांचा क्रमांक दिसेल अशी सोय असते. ती भरायला पाच मिनिटे लागतात. रस्त्यावर बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या खिशातील फोनने "याला मधुमेह आहे" एवढे जरी सांगितले तरी त्या फोनची किंमत वसूल झाली.

पहिल्या दिवशी हे करावे

१. अक्षरे मोठी करावीत आणि पडद्याचा उजेड खोलीतील उजेडाइतकाच ठेवावा.
२. संकटकाळची माहिती भरावी. १०८ आणि ११२ हे क्रमांक घरातील लहानांनाही शिकवावेत.
३. गोळ्यांच्या वेळेचे गजर लावावेत.
४. नाडीखेरीज ऑक्सिजन, रक्तदाब, साखर सांगणारी फुकटची ॲप काढून टाकावीत.
५. आवाजाची कमाल मर्यादा आधीच ठरवून ठेवावी.
६. फोनची रात्रीची जागा ठरवावी. ती स्वयंपाकघरातील फळी असेल तर उत्तम.
७. जेवणाच्या ताटाशी फोन आणणार नाही हा नियम आधी मोठ्यांनी पाळावा. मुले आपोआप शिकतील.

फोन घेताना आपण तो पाण्यात पडला तर टिकेल का, हातातून निसटला तर काच फुटेल का हे दहा वेळा विचारतो. पडद्यावर संरक्षक काच चढवितो, जाड कव्हर घालतो, वर विमाही काढतो. ही काळजी योग्यच आहे. फोनच्या जिवाची एवढी चिंता वाहणाऱ्यांनी तो हाती धरणाऱ्याच्या मानेची, कानांची आणि झोपेची निम्मी जरी काळजी घेतली, तरी आमच्या दवाखान्यातील गर्दी बरीच कमी होईल. आणि छातीत दुखू लागलेल्या माणसाला सकाळपर्यंत थांबावे लागणार नाही.